वकीलताईंचा सल्ला : नादारीचा अर्ज करायचाय, वकील कसा शोधू?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे कर्जाची पत्रं इतकी आली, की बांधाचे आणि भाडेकरूंचे प्रश्न या वेळी मागे ठेवले. बहुतेकांनी विचारलंय ते एकच : “नादारी घेता येते म्हणतात, ती कुठे मिळते?” (नादारी म्हणजे आपल्याला कर्ज फेडता येत नाही, असं न्यायालयाकडून ठरवून घेणं.) जणू तहसील कचेरीतल्या दाखल्यासारखी ती खिडकीवर मिळते. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्या एका पत्रात इतर सगळ्यांच्या चुका एकत्र सापडल्या. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. ज्यांनी ‘नाव छापलं तरी चालेल’ असं लिहिलं होतं त्यांचीही नाहीत.

प्रश्न : वकीलताई, माझं वय ४३. एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये ग्रिल-गेटचं फॅब्रिकेशन करत होतो. दोन बिल्डरांकडे पैसे अडकले आणि शेड सोडावी लागली. चार क्रेडिट कार्डं, तीन पर्सनल लोन आणि नातेवाइकांचे हातउसने मिळून २३ लाख देणं आहे. फ्लॅटचं कर्ज वेगळं, त्याचे दोन हप्ते थकलेत. मोबाइलवर जाहिरात पाहून एका कंपनीला फोन केला. ते म्हणाले, ४० हजार भरा, आमचे वकील नवीन कायद्याखाली तुम्हाला दिवाळखोर जाहीर करून देतील, ४५ दिवसांत सगळं माफ. मोठा भाऊ म्हणतो, आधी फ्लॅट बायकोच्या नावावर बक्षीसपत्र कर. मला अटक होईल का? असल्या कामाला कोणता वकील लागतो?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ४० हजार भरू नका आणि बक्षीसपत्र करू नका. एवढं ठरवलंत की मग पुढचं निवांत वाचा.

ती कंपनी ज्याला ‘नवीन कायदा’ म्हणतेय ती २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता. तिच्यात तुमच्या-माझ्यासारख्या माणसांसाठी एक अख्खा भाग लिहून ठेवलाय, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. तुम्ही कुठल्या कंपनीच्या कर्जाला हमी दिलेली नाही. स्वतःच्या नावावर कार्डं वापरली आणि कर्ज काढलं. तुम्हाला लागू पडतो तो इंग्रजांच्या वेळचा, १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहरात असता तर १९०९ चा वेगळा कायदा आणि उच्च न्यायालय. तुमचा अर्ज तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात, किंवा तिथल्या ज्या दिवाणी न्यायालयाला हे अधिकार दिलेत त्यात जाईल. कायदा किती जुना आहे ते त्यातल्या आकड्यांवरून कळतं : कर्ज ५०० रुपये झालं की माणूस नादारीचा अर्ज करू शकतो. १९२० साली ५०० रुपयांत काय काय येत असेल, तुम्हीच विचार करा.

तेव्हा अर्ज करता येतो. प्रश्न आहे तो करून तुम्हाला काय मिळेल याचा.

लोकांची अशी समजूत असते, की अर्ज दाखल केला की त्या दिवसापासून सगळे घेणेकरी दाराबाहेर. आपल्याकडे तसं होत नाही. अर्जावर घेणेकऱ्यांना नोटिसा निघतात, सुनावणी होते, तुम्हाला पिंजऱ्यात उभं करून विचारतात, की पैसा कुठून आला, कुठे गेला, धंदा बसतोय हे कधी कळलं. त्यानंतर न्यायालय तुम्हाला नादार ठरवतं. तो हुकूम झाला की बिनतारण घेणेकऱ्यांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवा दावा लावता येत नाही आणि चालू असलेल्या दाव्यांत तो हुकूम दाखवता येतो. अटकेपासून संरक्षण मात्र आपोआप मिळत नाही, त्यासाठी याच नादारी कायद्याच्या कलम ३१ खाली वेगळा अर्ज द्यावा लागतो. हे पुष्कळदा वकीलही विसरतात. मी स्वतः ज्युनिअर असताना विसरले होते आणि पक्षकाराने रात्री साडेनऊला घरी येऊन आठवण करून दिली होती.

त्या बदल्यात तुमची सगळी मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या, म्हणजे ती सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात जाते. सगळी म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० जे वगळतं ते सोडून. ते कलम एकदा तरी वाचावं असं आहे. नेसते-पांघरते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धार्मिक रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, शेतकऱ्याचं राहतं घर, आयुर्विम्याचे पैसे, प्रॉव्हिडंट फंड. आणि कारागिराची हत्यारं! तुमचं वेल्डिंग मशीन आणि कटर यात बसतात का, हा तुमच्या वकिलाने मांडायचा मुद्दा आहे. तुम्ही स्वतः होल्डर हातात धरून वेल्डिंग करता की चार मुलांकडून करून घेता, यावर तो बराच अवलंबून राहील. सुनावणीत हा प्रश्न येणारच, तेव्हा खरं काय ते वकिलाला आधी सांगा.

पीएफचा विषय निघालाच आहे तर सांगते. वसुलीवाल्यांच्या फोनांना कंटाळून लोक पीएफ मोडून क्रेडिट कार्ड भरतात. ज्या पैशाला कुणाचा हात लागू नये म्हणून कायद्याने कुंपण घातलंय, तोच आपण उचलून देतो. असे पक्षकार समोर बसले की मला त्यांच्यापेक्षा त्यांना सल्ला देणाऱ्याचा जास्त राग येतो.

आता फ्लॅट. गृहकर्ज देणाऱ्या बँकेकडे तारण आहे, आणि तारण असलेल्या घेणेकऱ्याला नादारीचा हुकूम अडवत नाही. तुमच्या २३ लाखांचं काहीही होवो, हप्ते थकत राहिले तर ती बँक सरफेसी कायद्याची, म्हणजे तारण ताब्यात घेऊन वसुली करण्याच्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस काढणारच. म्हणून आज हातात जे येतंय त्यातून पहिला हप्ता घराचा, कार्डाचा नंतर. कार्डवाल्यांची माणसं जास्त आरडाओरडा करतात म्हणून लोक नेमकं उलटं करतात.

मोठ्या भावाचा सल्ला मायेपोटी आहे, पण तुम्हाला बुडवणारा आहे. गहाण फ्लॅटचं बक्षीसपत्र बँकेच्या संमतीशिवाय करणं हा एक घोटाळा. दुसरा मोठा. बक्षीसपत्रापासून दोन वर्षांच्या आत दिलेल्या अर्जावर तुम्ही नादार ठरलात तर नादारी कायद्याच्या कलम ५३ खाली ते रद्द करून घेता येतं. आणि मालमत्ता लपवायला केलेला व्यवहार म्हणून कलम ६९ लागलं तर एक वर्षापर्यंत कैद. प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसाला हा कायदा बऱ्यापैकी सांभाळून घेतो. लपवणाऱ्याला घेत नाही.

यावरून माझ्याच एका पक्षकाराची गोष्ट. कापडाचं दुकान होतं. पहिल्या भेटीत मी विचारलं, “शेवटच्या सहा महिन्यांत कुणाला मोठी रक्कम दिलीत?” नाही म्हणाले. “बायको, भाऊ, मेहुणे, साडू?” नाही. सुनावणीत बँकेच्या वकिलाने खात्याचा उतारा पुढे केला. त्यात एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली : अर्जाच्या पाच आठवडे आधी १ लाख ८० हजार, साडूच्या नावावर. न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “हे कोण?” पक्षकार माझ्याकडे बघायला लागले आणि मी फायलीत बघायला लागले. अर्जाआधी तीन महिन्यांच्या आत एकाच घेणेकऱ्याला झुकतं माप देऊन केलेला भरणा रद्द ठरतो. रिसीव्हरने साडूकडून पैसे परत मागितले. ते गेलेच, वर पुढच्या प्रत्येक तारखेला माझ्या पक्षकाराचा शब्द शंकेने ऐकला गेला. साडू अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

तुमच्या पत्रात ‘नातेवाइकांचे हातउसने’ असे दोनच शब्द आहेत. वकिलाकडे जाताना त्या दोन शब्दांची पूर्ण यादी न्या.

यादी म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्याकडे बहुतेक जण प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद घेऊन येतात आणि पिशवी टेबलावर उलटी करतात. एक फुलस्केप कागद आडवा धरा. प्रत्येक घेणेकऱ्याला एक ओळ. नाव, पत्ता, मूळ रक्कम, आजची बाकी, शेवटचा भरणा कधी, जामीनदार कोण, आणि सही केलेले चेक दिलेत का, किती. दुसऱ्या कागदावर जे काही तुमच्या मालकीचं आहे ते : मोटारसायकल, मशीन, गावाकडच्या सात-बारावरचा हिस्सा, भिशीत अडकलेले पैसे, आणि हो, त्या दोन बिल्डरांकडचं येणं. येणं हीसुद्धा मालमत्ता आहे. अर्जात या दोन्ही याद्या द्याव्याच लागतात. त्यांच्या सोबत तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या, जीएसटीची विवरणपत्रं, खात्यांचे उतारे. वह्यांचं महत्त्व शेवटी कळतं. नादारीतून मुक्त होण्याचा, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सुटण्याचा, अर्ज करता, तेव्हा आधीच्या तीन वर्षांत रीतसर हिशेब ठेवला नव्हता म्हणून मुक्तता नाकारता येते. मालमत्तेतून रुपयामागे ५० पैसेसुद्धा निघत नसतील तरीही नाकारता येते. मात्र परिस्थितीच तशी होती, आपला दोष नव्हता, हे तुम्ही पटवलंत तर गोष्ट वेगळी. बिल्डरांनी बुडवल्याचे कागद, म्हणजे कामाच्या ऑर्डरी, चलनं, त्यांना पाठवलेले व्हॉट्सअॅप, हे तुमचे पुरावे आहेत. मोबाइल बदलण्याआधी उतरवून घ्या.

पाकिटंही टाकू नका. नोटिशीचं पाकीट फाडून लोक कागद ठेवतात आणि पाकीट फेकतात, आणि नोटीस हातात कधी पडली हे नेमकं त्या पाकिटावर असतं. चेक न वटल्याची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. ते कोणत्या तारखेपासून मोजायचे यावर मी भांडलेली आहे, पाकीट हातात धरून.

यातून अटकेच्या प्रश्नाकडे येते. कर्ज फेडता आलं नाही एवढ्यावरून तुरुंगात टाकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय : ऐपत असून बुद्ध्या देत नाही असं दिसलं पाहिजे. पण चेक न वटणं हा फौजदारी मामला आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. बँकेत दिलेला ऑटो-डेबिटचा हप्ता पैशाअभावी परतला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली तीच शिक्षा आहे. नादारीचा अर्ज केला म्हणून हे खटले थांबत नाहीत. म्हणून यादीतला ‘चेक दिलेत का’ हा रकाना मी सगळ्यात आधी वाचते.

आणि समजा मुक्तताही मिळाली. सरकारी देणी राहतात, म्हणजे थकलेला जीएसटी राहतो. फसवून घेतलेलं कर्ज राहतं, बायको-मुलांची पोटगी राहते. जामीनदार सुटत नाहीत. तुमच्या पर्सनल लोनला मित्र जामीन असेल तर तुम्ही मोकळे होणार आणि बँक त्याच्या दारात जाणार. मुक्तता मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारीही करायची नाही. हो, पन्नास. १९२० चा कायदा आहे म्हटलं ना.

आता वकील. यासाठी ‘नादारी स्पेशालिस्ट’ अशी पाटी जिल्ह्याच्या गावी मिळणार नाही. दिवाणी बाजूला काम करणारा, हुकूमनाम्यांच्या दरखास्ती, म्हणजे निकालांच्या अंमलबजावणीचे अर्ज, चालवणारा वकील बघा. माझ्या एवढ्या वर्षांच्या वकिलीत नादारीचे अर्ज मी पाचच चालवले, आणि तेही लोकांना जास्त वाटतात. म्हणून सरळ विचारा : तुम्ही असा अर्ज चालवलाय का? नसेल चालवला तरी ‘वाचून सांगतो’ म्हणणारा ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्यापेक्षा बरा. तारखेला कोण उभं राहणार, स्वतः की ज्युनिअर? फी किती, कोणत्या टप्प्यावर किती, टायपिंग आणि नोटिसांचा खर्च त्यात की वेगळा? फीची पावती मागा. मागायला लाजू नका, आम्ही रागावत नाही. जे रागावतात त्यांच्याकडे जाऊ नका.

जाहिरात करणाऱ्या कंपनीबद्दल एवढंच सांगते, की बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करून काम मिळवायला बंदी आहे, आणि ‘काम झालं तर इतके टक्के’ अशी फी ठरवायलाही बंदी आहे. ४५ दिवसांत माफीची हमी देणाऱ्याकडे त्याच्या वकिलाचा सनद क्रमांक मागा आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तो खरा आहे का ते पाहा. बहुतेक वेळा फोन तिथेच कट होतो.

माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत नादारी हा दुसरा रस्ता आहे. पहिला, त्या सात घेणेकऱ्यांना लेखी पत्र : धंदा बंद, उत्पन्न अमुक, महिन्याला एवढं देऊ शकतो, तडजोड करा. दावा लागण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं आणि तिथे तडजोड कुणी लादत नाही. पण तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, तेव्हा झेपेल तोच आकडा कबूल करा. तडजोडीची रक्कम भरली की ‘काही येणे बाकी नाही’ असं पत्र हातात घेतल्याशिवाय उठू नका. कार्डं आणि पर्सनल लोन निम्म्याने जरी आटोक्यात आली तर फ्लॅट वाचतो. नादारीत तो रिसीव्हरच्या यादीत जातो. हा हिशेब कागदावर मांडून बघा, शक्यतो वहिनींना शेजारी बसवून. तुमच्या चार पानी पत्रात त्यांचा उल्लेख फक्त बक्षीसपत्रापुरता आहे.

प्रश्न : ताई, सात महिन्यांपूर्वी मिस्टर वारले. त्यांच्या नावावर साडेचार लाखांचं पर्सनल लोन होतं, मला माहीत नव्हतं. वसुलीवाला रात्री नऊ-साडेनऊला फोन करतो, माझ्या नणंदेला आणि मुलाच्या शाळेतल्या बाईंनाही केला. आता म्हणतो, या कागदावर सही करा, हप्ते लहान बांधून देतो. मी शिवणकाम करते. मुलगा १४ वर्षांचा आहे. मी नादारी घेऊ का? वकिलाला द्यायला पैसे नाहीत.
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : त्या कागदावर सही करू नका. सही केलीत तर आज जे कर्ज तुमचं नाही ते उद्या तुमचं होईल.

नवऱ्याचं कर्ज बायकोला आपोआप लागत नाही. त्यांच्या मागे त्यांची जी मालमत्ता तुमच्याकडे आली असेल, तेवढ्यापुरतंच घेणेकरी तुमच्याकडे मागू शकतात. काही आलं नसेल तर मागायला काही नाही. आलेलं विकून टाकलं आणि हिशेब देता आला नाही तर मात्र तेवढं अंगावर येतं, म्हणून त्यांच्या खात्यातून काय निघालं, कशावर खर्च झालं, हे वहीत लिहून ठेवा. मुलाची काळजी असेल तर, बापाचं कर्ज मुलाने फेडायचं ही जुनी धर्माची जबाबदारी २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरती संपवलीय. कुणी त्याला काही ऐकवलं तर हे सांगा.

एकच तपासा : कर्जाच्या करारावर ‘सहकर्जदार’ किंवा ‘जामीनदार’ म्हणून तुमची सही आहे का? बँकेकडे कराराची प्रत आणि कर्जाला विमा होता का, हे लेखी विचारा, पोच घ्या. विमा निघतो आणि कुणालाच माहीत नसतो, असं मी पाहिलंय.

फोनबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही, आणि घरच्यांच्या-मित्रांच्या खासगी आयुष्यात शिरून चारचौघांत अपमान करायलाही मनाई आहे. नणंदेला आणि शाळेतल्या बाईंना आलेल्या फोनची तारीख-वेळ दोघींकडून लिहून घ्या, फोनमधल्या यादीचा फोटो काढा. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे लागत नाहीत.

वकिलालाही लागणार नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. उत्पन्नाचा दाखला मागून परत पाठवलं तर हेच वाक्य त्यांना वाचून दाखवा. (अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे.) तालुका न्यायालयाच्या इमारतीतच विधी सेवा समितीची खोली असते. आवारात कुणालाही विचारा, चहावाल्यालाही माहीत असतं. घरून फोन करायचा तर १५१००. नुसता सल्ला नाही, नोटीस पाठवणं, दावा लागला तर उभं राहणं, कोर्ट फी, नकलांचा खर्च, सगळं त्यात येतं. मिळालेला वकील तारखेला आला नाही तर बदलून मागता येतो. फुकटचा आहे म्हणून गप्प बसू नका.

प्रश्न : मी निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलो. तो गाव सोडून गेला. माझ्या नावाने कलम १०१ चा वसुली दाखला निघालाय. मी नादार झालो तर सुटेन का? पेन्शन जाईल का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : गुरुजी, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याला पकडा’ असं म्हणण्याचा हक्क करार कायदा आपल्याला देत नाही. पतसंस्थेला दावा लावायची गरज नाही, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला घेऊन वसुली अधिकारी थेट जप्तीला येऊ शकतो. त्याविरुद्ध पुनरीक्षण, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीचा अर्ज, करायचं तर थकीत रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, इथेच बहुतेक जण अडतात.

पेन्शन जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तिला वगळतं, आणि निवृत्तीचे पैसे बँकेत जमा झाल्यावरही ते संरक्षण टिकतं असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय. फक्त त्या खात्यात दुसरे पैसे मिसळू नका, म्हणजे उतारा दाखवला की प्रश्न मिटतो. पतसंस्थेने ‘पेन्शन खात्यातून वळते करून घ्या’ अशा कागदावर सही मागितली तर ती तुमची मर्जी आहे, सक्ती नाही.

घर आणि पेन्शन एवढंच असेल तर नादारी घेऊन तुम्ही घर न्यायालयाच्या हवाली कराल, असा उलटा हिशेब होईल. संस्थेशी तडजोडीचं बोला आणि जे भराल त्याची पावती ‘जामीनदार म्हणून भरले’ अशी घ्या. ती रक्कम मित्राकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, भरल्यापासून तीन वर्षांत दावा लावला तर. तो सापडेल का ते मी सांगू शकत नाही. त्याची गावातली जमीन मात्र गाव सोडून गेलेली नाही. सात-बारा काढा.

प्रश्न : माझ्यावर १० वर्षांपूर्वी नादारीचा हुकूम झाला होता, नंतर मुक्तता झाली. या वेळी ग्रामपंचायतीला उभा राहणार आहे. विरोधक म्हणतात अर्ज बाद करू. करू शकतील?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ नादार ठरून मुक्त न झालेल्याला अडवतं, आमदार-खासदारांनाही राज्यघटनेत तीच अट आहे. तुमची मुक्तता झालीय, तेवढ्यापुरते तुम्ही मोकळे. पण नादारी कायद्याचं स्वतःचं कलम ७३ आहे. ते स्थानिक संस्थेच्या निवडून येण्याच्या पदासाठी एक पाऊल पुढे जातं. मुक्ततेच्या हुकुमासोबत ‘नादारी दुर्दैवाने आली, अर्जदाराची गैरवर्तणूक नव्हती’ असा न्यायालयाचा दाखलाही असावा लागतो. विरोधकांच्या वकिलाने वाचलं असेल तर तो तिथेच बोट ठेवेल.

तुमच्या पत्रात मुक्ततेच्या हुकुमाचा उल्लेख आहे, दाखल्याचा नाही. छाननीच्या दिवसाची वाट न बघता नक्कल विभागात अर्ज द्या, हुकुमाची प्रमाणित प्रत काढा आणि शेवटचा परिच्छेद वाचा. जुनी फाइल रेकॉर्ड रूममधून वर यायला वेळ लागतो, म्हणून सोमवारीच जा.